शेवटचं प्रकरण कासूला

नफिसा,

मी आपल्या वाचकांच्या ग्रुपमधून बाहेर पडले. तुझ्या दुःखाने वगैरे नाही, लोकांच्या पोटात काही राहत नाही म्हणून. तू गेलीस तेव्हा सगळ्यांनी रीतसर हात जोडले, फुलं टाकली. मग काही दिवस शांतता, आणि मग हळूच कोणीतरी विचारलं, "'सात दिव्यांचं बेट'चा पाचवा भाग कोणाकोणाचा वाचून झाला?" त्यात वाईट काही नाही. फँटसी कादंबऱ्या वाचणारी पेण-रोह्याकडची मूठभर माणसं आपण, दुसरं बोलणार तरी काय? पण अलिबागच्या मास्तरांनी "शेवट वाचून थक्क झालो" असं लिहिलं, आणि खाली कोणाचं तरी टाइप करणं सुरू झालेलं दिसलं. ते टाइप होऊन यायच्या आत मी बाहेर पडले. शेवटचं प्रकरण आपण तोवर वाचलेलं नव्हतं, हे त्यांना कसं माहीत असणार?

आणि बाहेर पडायच्या आधी मी तुझ्यावर लिहिलेलं सगळं वाचलं. तू मनमिळाऊ होतीस म्हणे. मनमिळाऊ, तू! एखाद्याला आवडलेलं पुस्तक तू दोन वाक्यांत असं सोलायचीस की तो बिचारा पुढचा आठवडा ग्रुपवर नुसते अंगठ्याचे इमोजी टाकायचा. गेलेल्या माणसाला गोड करून टाकायची घाई असते लोकांना. मला ती तिखट नफिसाच हवी आहे, म्हणून हे लिहायला बसले.

तू पहिल्यांदा आलीस ती माझ्याशी भांडायलाच. पेणच्या वाचनालयात 'सात दिव्यांचं बेट'चा दुसरा भाग मागायला तू रोह्याहून आलेलीस, आणि तिथे तुला कळलं की तो माझ्याकडे अडकलाय. "मंगल ना? ती गणपतीच्या कारखान्यात असते, जा तिकडं," असं सांगून त्यांनी तुला सरळ आमच्याकडे पाठवलं. मी तेव्हा डोळ्यांची आखणी करत होते. मूर्तीचे डोळे आखताना आम्ही कोणाशी बोलत नाही, श्वासही जपून घेतो. रेघ हलली की देवाची नजर बदलते, मग तो रागावलेला तरी दिसतो नाहीतर झोपलेला. तू कंपनीच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी लावून, समोर उभी राहिलीस. बराच वेळ. मी कुंचला खाली ठेवला तेव्हा म्हणालीस, "झाले डोळे? मग आता सांगा, दुसरा भाग संपला काय?"

"एक प्रकरण राह्यलंय."

"मग वाचा. मी थांबते."

आणि खरंच थांबलीस. मातीच्या गोणीवर बैठक मारलीस. मी वाचायला लागले तर थोड्या वेळाने तुझी मान माझ्या खांद्यावरून पुढे. मधली सगळी प्रकरणं न वाचता तू शेवट वाचत होतीस! मी पुस्तक मिटलं. तू म्हणालीस, "उलट वाचून काय बिघडतं? लॅबमधी आम्ही आधी निकाल बघतो, मग कशानं झाला ते." मी तुला तेव्हाच सांगितलं, की बाई, ही तुमच्या धाटावच्या कंपनीतली लॅब नाही, इथे पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात. तू हसलीस. मग तेच पुस्तक घेऊन गेलीस, नीट पहिल्या पानापासून वाचलंस, आणि शेवटच्या प्रकरणाला येऊन थांबलीस. फोन केलास. "तुझ्यामुळं अर्धा शेवट मला माहीत हाय. आता उरलेला तुझ्यासमोरच वाचीन."

आपली रीत तिथून पडली. पुस्तक एकच घ्यायचं. आधी एकीने वाचायचं, शेवटच्या प्रकरणाच्या पानांना केसांची पिन लावून ती पानं बंद करायची आणि पुस्तक दुसरीकडे पाठवायचं. दुसरीचंही तिथपर्यंत आलं की कासूला भेटायचं, स्टेशनच्या बाकावर बसायचं, पिन काढायची. एक पान तू मोठ्याने, एक पान मी. कासू का, तर पेण आणि रोहा यांच्या मधलं म्हणून. मग एकदा तू कुठूनसा हिशेब काढलास की कासू मला जवळ आहे आणि तुला चांगलंच लांब. पुस्तकातले नकाशे कधीही न बघणारी तू, रेल्वेच्या नकाशावरून माझ्याशी भांडलीस. पण जागा बदलू या म्हटलं तर तेही नको. "आता सवय झाली गो. भांडले म्हंजी जागा हलवायची थोडीच हाय?"

आपलं कशावर जमलं, हे मी आता आठवून बघते तर हसू येतं. जमलेलं काहीच सापडत नाही. तुला जादू हवी ती नियमाने चालणारी. एखाद्या मांत्रिकाने फुकट वादळ उठवलं की तू चिडायचीस, "ही ताकद आली कुठून? याचं काय खर्ची पडलं? उगाच आपलं छू मंतर!" मला उलट, जादूचा खुलासा सुरू झाला की जांभया येतात. मला जेवणाची वर्णनं करणारे लेखक आवडतात. तू म्हणायचीस, राजा मरायला टेकलाय आणि हा मेला रस्सा ढवळत बसलाय. तुझा भाऊ कुवेतहून यायचा तेव्हा तुझ्यासाठी जाड जाड इंग्रजी कादंबऱ्या आणायचा. त्यातल्या लढायांची पानं तू मला फोनवर सांगायचीस, आणि मला झोप लागली की पुस्तक वाईट, असा तुझा निकाल. आपल्या दोघींचं एकमत एकाच बाबतीत होतं. 'सात दिव्यांचं बेट' लिहिणारीला आपण दोघी 'ती बया' म्हणायचो, आणि ती बया पुढचा भाग लवकर देत नाही म्हणून तिला एकाच तोंडाने शिव्या घालायचो.

तिसऱ्या भागात त्या बयेने सावरीला मारलं. बेटावरचे दिवे राखणारी सावरी, कोणाचं न ऐकणारी, आईशी भांडून होडी काढणारी. धुक्यात शेवटचा दिवा लावायला गेली आणि होडी रिकामी परत आली. तो शेवट आपण कासूच्या बाकावर वाचला. तुझं पान होतं. तू वाचता वाचता थांबलीस, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंस आणि रुळांकडे बघत बसलीस. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मेली नाय ती. होडी आली, ती कुठं दिसली? ती परत येते बघ."

झालं. तुझ्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं. "येत नाय. गेली ती गेली."

"फँटसी हाय नफिसा. यात येतात."

"म्हणूनच यात येऊ नये! परत आणली ना, तर धरमतरच्या पुलावरून पुस्तक खाडीत फेकीन. आपण रडलो त्याचं मग काय? फुकट?"

"मग ही पुस्तकं वाचायची कशाला? गेलेलं माणूस न येणं तर इथं आयतंच मिळतं. त्याला ड्रॅगन कशाला पायजेत?"

रोह्याकडची गाडी आली, तू चढलीस, आणि तुझं खोडून काढता काढता मीही चढले. दोघींना कळलंच नाही. मी सावरीचा मृतदेह कसा सापडला नाही ते पटवत होते आणि तू बोट नाचवून खोडत होतीस, तोवर बाहेर नागोठणं. पेणला घरी जायला निघालेली मी, रोह्याच्या वाटेवर! तू इतकी हसलीस की समोरची मासळीवाली पण हसायला लागली. म्हणालीस, "आता उतरून काय करतेस? चल घरी. अम्मी भाकरी टाकतेय."

तुझ्या अम्मींना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत बसलेल्या, आणि आपण दोघी रडून लाल झालेल्या. त्यांनी घाबरून विचारलं, "कोन गेला गो?" तू म्हणालीस, सावरी. कोण सावरी, कुठल्या वाडीतली, हे त्यांनी चांगलं खोदून विचारलं. मग पुस्तकातली आहे कळल्यावर वटारलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खावा. उपाशी पोटी रडू नये." पण जेवताना तुला त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली, आणि तू सांगितलीस. वाचता न येणाऱ्या त्या बाईला पुढे प्रत्येक भाग तू भाकरी खाता खाता सांगत राहिलीस, हे मला फार उशिरा कळलं.

सावरीवरून आपण पुढची काही वर्षं भांडलो. ग्रुपवर भांडलो, फोनवर भांडलो, चौथा भाग आला आणि त्यात ती कुठेच नव्हती तेव्हा तू मला दिवसभर "बघ!" एवढाच मेसेज पाठवत होतीस. एकदा मी वैतागून म्हटलं, एवढं काय बिघडणार आहे गो तुझं, ती आली तर? तू नेहमीसारखी भांडली नाहीस. मग म्हणालीस, "वाट बघायची सवय लागते मंगल. वाईट सवय हाय ती." आणि विषय बदललास. मी त्यावर काही विचारलं नाही. तुझ्या वडिलांचं नाव तुमच्या घरात कोणी का काढत नाही, हेही मी कधी विचारलं नाही. आपल्यात सगळ्या राज्यांच्या वंशावळी बोलून झाल्या, पण हे राहिलं. तू सांगितलं असतंस का, मला माहीत नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, आणि लगेच वाटतं की नाही विचारलं तेच तुला बरं वाटत असेल.

पाचवा, शेवटचा भाग श्रावणाच्या तोंडावर आला. आधी तुझा नंबर होता. तू चार दिवसांत फडशा पाडलास, पिन लावलीस आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः कारखान्यात आणून दिलंस. मूर्तींच्या गर्दीत उभं राहायला जागा नव्हती, माझे हात रंगाने भरलेले. तू पुस्तक माझ्या डब्याच्या पिशवीत घातलंस. मी विचारलं, "पिनच्या आधीपर्यंत आली का ती?" तू ओठ घट्ट मिटलेस आणि मान हलवलीस. ती हो होती की नाही, ते मला कळू नये अशीच हलवलीस. "गणपती होऊ देत. मग कासूला."

मी म्हटलं, "गणपती होऊ देत."

आमच्या कामात त्या दिवसांत जेवायला फुरसत नसते. मी रोज थोडं थोडं वाचत होते. त्या सकाळी तुझ्या नंबरवरून फोन आला आणि मी उचलताच म्हटलं, "ओरडू नकोस, थोडीच पानं राह्यलीत." पलीकडे अम्मी होत्या. ड्यूटीवर जायला म्हणून तू निघालीस, चप्पल घालायला दारात बसलीस, ती उठलीच नाहीस. माझ्यासमोरच्या मूर्तीचा एकच डोळा आखून झाला होता. अर्धी नजर कोणी सोडत नाही. पण आमचे मालक म्हणाले, दुसरा मी बघतो, तू नीघ. मी पोचेपर्यंत तुला कबरस्तानात नेलेलं होतं.

त्यानंतर मी काम केलं. हंगामात रडायला रजा नसते, आणि खरं सांगते, त्याबद्दल मी कामाची आभारी आहे. डोळे आखताना श्वास धरावाच लागतो, मग हुंदकाही धरला जातो. घरी आल्यावर मी उरलेली पानं वाचली, पिनपर्यंत. सावरी आलेली नव्हती. पुढे एकच प्रकरण, आणि त्यावर तुझी ती काळी पिन. मी पुस्तक कितीदा तरी हातात घेतलं. एकटीने वाचावं तर आपली रीत मोडते. न वाचावं तर जन्मभर तिथेच अडकून पडायचं. तू जिंकलीस की मी, हे कळल्याशिवाय मला तुझ्यासाठी नीट रडताही येईना. वेड्यासारखं वाटेल कोणाला. तुला वाटणार नाही.

गणपती गेले आणि तुझ्या चाळिसाव्याला मी रोह्याला आले. पुस्तक पिशवीत होतं. तुझ्या कपाटात ठेवून द्यावं, पिनसकट, असं मनाशी ठरवलं होतं. घरात बायका दाटीने बसलेल्या. कुराणाचे तीस पारे वेगवेगळे बांधलेले असतात, ते वाटून घेऊन प्रत्येकजणी आपापला वाचत होती. कोणी भरभर, कोणी बोट ठेवून. एकीचा संपला की ती दुसरा उचलायची. मी दाराशी बसून होते. दुपारपर्यंत सगळे झाले, दुवा झाली, जेवणं झाली, बायका पांगल्या. अम्मी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं.

"तो तुमचा आखरीचा भाग वाचलास काय?"

"नाय अम्मी."

"का गो?"

"दोघींनी वाचायचं ठरलं होतं. आता कशी वाचू?"

त्या भिंतीपासून सरळ होऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आता बघितलास ना? एकीच्यानं होत नाय म्हणून इतक्या बायका बसल्या. जिला जेवढा आला तेवढा तिनं वाचला, तवा पुरा झाला. ती नाय तर मी हाय. मना वाचता येत नाय, आयकता येतं. काढ."

मी पिन काढली. पहिलं पान मी वाचलं. दुसरं तुझं होतं, तेही मीच वाचलं. अम्मींच्या बोटांत माळ होती, ती थांबली होती. बेटावर धुकं उतरलेलं, सगळे दिवे लागलेले, सावरीची आई झोपडीचं दार लावून घेत असते. ती बया काय लिहिते गो! नुसत्या दार लावण्याला दीड पान. मग कडी घालताना बाहेरून दारावर हात पडतो. आई दार उघडते. सावरी उभी असते, भिजलेली, म्हातारी झाल्यासारखी, आणि म्हणते, उशीर झाला.

मी थांबले. मी जिंकले होते, नफिसा. इतक्या वर्षांच्या भांडणात मी जिंकले, आणि मला त्या बयेचा इतका राग आला की पुस्तक खाडीत टाकायला मीच धरमतरच्या पुलापर्यंत चालत गेले असते. तुझं म्हणणं पहिल्यांदा पोटातून पटलं. असं येत नसतं कोणी. ज्या घरात हे वाचलं जाणार आहे त्या घराचा विचार करून तरी लिहायचं! आपली पोर जाऊन चाळीस दिवस झालेत त्या बाईसमोर मी हे काय वाचून बसले, म्हणून मला वर बघायची हिंमत होईना.

"आली?" अम्मींनी विचारलं.

"आली, अम्मी."

त्यांनी माळ मांडीवर ठेवली. मग पदराने तोंड पुसलं.

"बरा झाला गो. कोनाची तरी पोर घरा आली."

मी पुस्तक मिटायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "थांब. ती आयस दार उघडते ना, तिथना परत वाच."

तुला हे अजिबात चाललं नसतं, मला ठाऊक आहे. मी परत वाचलं.